भावाचे पहिले बिल

मी पेणला राहते आणि रोह्याच्या शाळेत उर्दू व मराठी शिकवते. सकाळच्या गाडीत कासू, नागोठणे, निडी ही स्टेशने मागे पडेपर्यंत माझ्या निम्म्या वह्या तपासून होतात. मागच्या रमजानमध्ये याच गाडीत धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला. "आपा, या महिन्यात अम्मीला पैसे पाठवायला जमणार नाही. तू जरा सांभाळून घे. अम्मीला सांगू नकोस."

मी सवयीप्रमाणे सुनावले, "तरी मी सांगत होते, कॅमेरा हा शौक असतो, त्यावर घर चालत नाही." तो गप्प राहिला. मग "बरं आपा, सलाम" म्हणून त्याने फोन ठेवला.

भाऊ मुंबईत फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. म्हणजे कोणाच्या पगारावर नाही. काम मिळेल तेव्हा काम, पैसे मिळतील तेव्हा पैसे. कुर्ल्याला एका खोलीत तिघांत राहतो. पहिला कॅमेरा त्याने फोर्टातल्या बोराबाजारातून जुना घेतला. महागडी लेन्स लागली तर दिवसाच्या भाड्याने आणतो, तिचे डिपॉझिट वेगळे. लग्नाचा हंगाम असला की सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या विदाईपर्यंत उभा. एकच फोटो दोन कार्डांवर एकदम उतरवतो, कारण कार्ड बिघडले तर निकाह पुन्हा होत नाही. नंतर आठवडाभर संगणकासमोर बसून शेकडो फोटो निवडायचे, साफ करायचे. लोकांना वाटते, बटण दाबले की काम झाले!

आपल्या समाजातली लग्ने करणाऱ्या फोटोग्राफरला रमजान म्हणजे बिनकामाचा महिना. त्यात पावसाळ्यातही काम थोडे. हंगामात कमावलेले त्या महिन्यांना पुरवायचे असते. त्या वर्षी मात्र हंगामातच गोम होती. एका कंपनीच्या कॅटलॉगचे फोटो काढून सात महिने झाले होते आणि अडतीस हजार रुपये अडकले होते. फोन केला की उत्तर एकच, "साहेबांची सही बाकी आहे."

हे मला त्याने सांगितले ईदच्या दिवशी, रोह्याच्या घरी, शीरखुर्मा खाताना. मी तावातावाने म्हणाले, "लोकांना लाज कशी वाटत नाही? मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही हदीस मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते."

भाऊ हसला. म्हणाला, "आपा, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो मी चार वर्षे काढतोय."

त्याने टोमणा मारला नव्हता, सहज बोलला होता. माझ्या हातातला चमचा मात्र वाटीतच राहिला. चार वर्षे दर डिसेंबरला मीच त्याला बोलावून घेत होते. "घरचाच माणूस आहे" असे स्टाफरूममध्ये मोठ्या ऐटीत सांगत होते. मंडपवाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे, बिर्याणीवाल्याला पैसे, आणि माझ्या भावाला टाळ्या. डिसेंबर म्हणजे त्याच्या ऐन कमाईचे दिवस. त्या दिवशी त्याने मुंबईतले कोणते काम सोडले, हे मी एकदाही विचारले नाही. माझा पगार चार दिवस उशिरा झाला तर मी घर डोक्यावर घेते.

त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत बोलत बसलो. मी शिक्षिका, कागदपत्रांची सवय. काही गोष्टी मी वाचून काढल्या, काही त्याला माहीत होत्या. त्या इथे सांगते, कारण आपली कितीतरी मुले आता असे स्वतंत्र काम करतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागते. सेवा देणारा एकटा माणूसही 'उद्यम' नोंदणी करू शकतो. ती ऑनलाइन आणि मोफत होते. दुसरी गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढायला सांगणारा असतो. म्हणून जे ठरेल ते आधी लिहून घ्यावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच; आपण ती जवळच्या माणसांबाबत संकोचाने विसरतो.

ही तक्रार नवी नाही. १९१३ मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात, आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'ने त्यांना एका फोटोचा एक रुपया दिला होता. पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते.

"मग तू हे सोडत का नाहीस?" मी विचारले. त्याने पिशवीतून एक पाकीट काढले. भाऊ सुधारक ओलवे यांना फार मानतो. अकोल्याच्या या माणसाने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळवली. "लग्नाचे काम पोटाचे, हे काम माझे," भाऊ म्हणाला.

पाकिटात डोंगरी-भेंडीबाजारातल्या खोल्यांचे फोटो होते. आमचे मरहूम अब्बा जहाजावर खलाशी होते. बोट लागेपर्यंत ते डोंगरीत आमच्या गावच्या जमातीच्या खोलीत राहत. कोकणातल्या अनेक गावांनी वर्गणी काढून मुंबईत अशा खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, भिंतीला फळ्या, फळ्यांवर पत्र्याच्या पेट्या. आता तो भाग झपाट्याने बदलतो आहे. भेंडीबाजारात तर साडेसोळा एकरांत सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी उंच टॉवर उभे राहत आहेत. उरलेल्या खोल्या पाडल्या जाण्याआधी भाऊ रविवारी जाऊन त्यांचे फोटो काढतो. याचे त्याला कोणी पैसे देत नाही.

एका फोटोत नुसती फळी होती. तिच्यावर पेट्यांची रांग आणि मध्ये एक रिकामी जागा. "त्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी बोट दाखवून सांगितलं, तुझ्या बापाची पेटी इथे असायची," भाऊ म्हणाला.

अब्बांना फोटो काढून घेणे आवडत नसे. घरात त्यांचा एकच फोटो आहे, जहाजाच्या सीडीसी पुस्तिकेवर चिकटवलेला. अम्मीने तो फळीचा फोटो चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिला. माणसांच्या तस्वीरी तिला भिंतीवर चालत नाहीत. पण हिच्यात माणूस नव्हता. ती म्हणाली, "ही लाव. समोरच लाव."

मी भावाला म्हटले, "मला हा मोठा करून हवा, फ्रेमसकट. आणि बिल दे."

"आपा, काय बोलतेस! तुझ्याकडून पैसे?"

"लिही," मी म्हटले. "तारीख घाल. सही कर."

बराच वेळ तो हसत राहिला. मग माझ्याच वहीचे पान फाडून त्याने लिहिले, आणि आकडा घालताना त्याचा हात थांबला. आपल्या कामाची किंमत बहिणीला सांगायला त्याला जड जात होते. त्याने लिहिलेला आकडा मी दुप्पट केला नाही, कमीही केला नाही. तेवढेच पैसे त्याच रात्री त्याच्या खात्यावर पाठवले.

शाळेतही मी विषय काढला. यंदा गॅदरिंगच्या खर्चात फोटोग्राफरची वेगळी ओळ आहे. कंपनीचे पैसे अजून पूर्ण मिळालेले नाहीत. निम्मे आले आहेत, बाकीच्यासाठी त्याने लेखी मागणी केली आहे. फळीचा फोटो रोह्याच्या घरी समोरच्या भिंतीवर आहे. अम्मी मगरीबनंतर त्याच्यासमोर तस्बीह घेऊन बसते.