तेवीसने भाग गेला

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः एवढे दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. उर्दूत आपण तिला मुफरद अदद म्हणतो. ही व्याख्या तुम्हांला पाठ असेल. मलाही होती, तरी मी चुकलो.

बी.एड. होऊन मी नुकताच शिकवू लागलो होतो. एके दिवशी फळ्यावर २ चे घात लिहून मी प्रत्येकातून १ वजा केला. दुसऱ्या घाताचे ३ आले, तिसऱ्याचे ७, पाचव्याचे ३१, सातव्याचे १२७. सगळ्या मूळ संख्या! मी ऐटीत म्हणालो, "घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येते."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, अकराव्या घाताचे २०४७ येतात. त्याला २३ ने भाग जातो."

मी भागाकार केला. २३ गुणिले ८९, बरोबर २०४७. "उद्या पाहू" असे म्हणून वेळ मारून नेता आली असती, आणि खरे सांगतो, ते मनात आलेही. पण मी माझे वाक्य पुसले आणि त्या जागी २०४७ चे अवयव त्याच मुलाला लिहायला लावले.

त्या रात्री मी ऑयलर या गणितज्ञाविषयी वाचले. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की २१४७४८३६४७ ही संख्या येते. ती मूळ आहे, हे त्याने १७७२ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे सिद्ध केले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

ही संख्या मूळ नसती, तर तिचा एखादा मूळ विभाजक वर्गमूळाच्या आत, म्हणजे ४६३४० पर्यंत, सापडलाच असता. तेवढ्यात पावणेपाच हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. इतके भागाकार कोण करणार? ऑयलरने दाखवले, की अशा विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या फक्त ८४. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

आता २३ आणि ८९ यांना ११ ने भागून पाहा. दोन्हींची बाकी १! घातांक ११ होता, हे लक्षात आले ना? ऑयलरची युक्ती याच जातीची आहे. २०२४ साली संगणकांच्या साहाय्याने २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून मिळणारी संख्या मूळ ठरली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा तेराव्या घाताची ८१९१ ही संख्या घेऊन आला. ८९ पर्यंतच्या चोवीसही मूळ संख्यांनी त्याने तिला भागून पाहिले होते.

"मूळ आहे, सर."

"आहे. पण ५३ आणि ७९ एवढ्या दोघींनीच भागून पाहिले असते, तरी पुरले असते."

तो वही घेऊन तिथेच खाली बसला आणि ५३ ला १३ ने भागू लागला.