ऋणनिर्देशातून राहिलेले एक नाव

प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देश लिहिण्याची पद्धत आपल्या विद्यापीठांत रूढ आहे. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक आणि कुटुंबीय अशा ठरलेल्या क्रमाने तो लिहिला जातो आणि परीक्षकांखेरीज तो कोणी फारसा वाचत नाही. माझ्या प्रबंधाचा विषय एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य मराठी कथात्म साहित्य हा होता. या विषयाची ओढ शालेय वयात कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वाचून लागली, असे मी त्यात नमूद केले आहे. मौखिक परीक्षेतही बहिःस्थ परीक्षकांना हेच उत्तर दिले. ते उत्तर खरे नव्हते. चिपळूणकरांचा ग्रंथ मी प्रथम पाहिला तो एम.ए.ला असताना. अरबी गोष्टींशी माझी पहिली गाठ पडली ती १९९५ च्या उन्हाळ्यात, सेलूच्या घराच्या अंगणात, हातात धरून खेळण्याच्या एका यंत्रावर.

(सेलू म्हटले की पुष्कळांना परभणीकडचे सेलू आठवते. हे वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारे सेलू.)

मस्कतला नोकरीस असलेल्या मामेभावाने ते यंत्र आणले होते. सेगा या जपानी कंपनीचा तो ‘गेम गिअर’. पडदा रंगीत आणि आतून उजळणारा, त्यामुळे भारनियमनाच्या अंधारातही चित्र दिसे. मात्र त्याला सहा सेल लागत आणि ते तीन-चार तासांत संपत. सोबत कॅसेट एकच होती, १९९२ साली निघालेली ‘डिफेंडर्स ऑफ ओअ‍ॅसिस’. एक राजपुत्र, त्याच्या हाती आलेला दिवा, दिव्यातला जिन्न, वाळवंट, व्यापारी आणि गलबते असा त्यातला ऐवज. हाणामारीच्या खेळांसारखी बोटांची चपळाई येथे कामाची नव्हती. पात्रे बोलत, ते वाचायचे, गावोगाव हिंडायचे. वाटेत शत्रू आडवा आला की आळीपाळीने वार करायचे. थोडक्यात, हा खेळ वाचता येणाऱ्यासाठी होता, आणि वाचायचे होते इंग्रजीत. मी मराठी शाळेत आठवीत होतो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचत असे.

आजीची खाट शेजारीच असे. मोतीबिंदूमुळे तिला पडद्यावर उजेडाच्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हते. पहिल्या रात्री तिने विचारले, “काय वाचून राहिला रे बाबू? मले बी सांग.” मग मी वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि तिने हुंकार भरायचा असे सुरू झाले. शब्दकोशात शब्द सापडला नाही की मी तो ठोकून देत असे.

ती निमूट ऐकणारी श्रोती नव्हती. जिन्न राजपुत्राच्या बरोबरीने लढतो हे तिला मुळीच पटेना. “दिव्यातला आहे ना तो? मंग एका रातीत राजवाडा काऊन नाही बांधून देत? हा तर रोजदारासारखा राबते.” पुढे प्रबंधात जिन्न हा गुलाम की सोबती यावर मी दीड पान खर्च केले, प्रश्न तिचा होता. वाळवंट आले की तिला गिरडची वाट आठवे. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे सर्व धर्मांचे लोक जातात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा सगळा माल दगड झाला, त्यातलेच हे गोटे, अशी आख्यायिका तेथील गोलसर दगडांविषयी सांगतात. खेळातला प्रत्येक व्यापारी आजीच्या लेखी तोच होता आणि तो शेवटी दगड होणार याची तिला खात्री होती.

कथेतल्या दुष्ट देवतेचे नाव अहरिमन. मी ते उच्चारताच आजी म्हणाली, “अहिरावण! पाताळातला.” आणि त्या रात्री खेळ बाजूला राहून अहिरावण-महिरावणाची कथा झाली. मारुती पाताळात उतरला तेव्हा सेल संपत आले होते. मी चिडलो होतो. तिने माझ्या गोष्टीची नासाडी केली असे मला वाटले, आणि हे मत मी बरीच वर्षे बाळगले.

पुढे अभ्यासाला लागल्यावर कळले की अहरिमन मुळात अरबांचा नाहीच. तो जरथुष्ट्री परंपरेतला, इराणचा. जपानी कर्त्यांनी तो बेलाशक अरबी वाळवंटात आणून बसवला होता. खुद्द अल्लाउद्दीनची गोष्ट तरी कुठे त्या अरबी ग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांत आहे? हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालां यांना तोंडी सांगितली, आणि गालां यांनी आपल्या फ्रेंच भाषांतरात घातली. तिचे स्थळ तर चीन आहे. चिपळूणकरांच्या ग्रंथाच्या नावात अरबी भाषा असली तरी मराठीत तो आला इंग्रजीवरून. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ घडली ती याच सरमिसळीच्या काळात. परकी अद्भुते आपल्या ओळखीच्या पाताळात उतरवून घेतल्यावाचून श्रोता त्यांचा स्वीकार करीत नाही, हे माझ्या पाचव्या प्रकरणाचे प्रतिपादन. परीक्षकांनी त्याचीच विशेष प्रशंसा केली आणि ते कसे सुचले असे विचारले. तेव्हा मी चिपळूणकरांचे नाव घेतले. विद्यापीठाच्या त्या खोलीत, टेबलापलीकडे तीन विद्वान बसलेले असताना, खेळाच्या यंत्राचे आणि निरक्षर म्हातारीचे नाव घेण्याचे धैर्य मला झाले नाही. आजी तोवर हयात नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी मी एका रात्री, ती झोपल्यावर, नवे सेल घालून खेळ शेवटापर्यंत नेला. अहरिमन पडला. मी अंगणात एकटाच जागा होतो आणि ज्याला सांगावे ते माणूस घोरत होते. सकाळी तिने विचारले, “कुठवर आला राजपुत्र?” मी म्हणालो, सेल संपले.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी बंद यंत्र हातात धरून तिला रोज रात्री पुढची गोष्ट सांगत होतो. नवी गावे काढली, नवी गलबते बुडवली, दोन व्यापारी दगड केले. जिन्नाकडून एकदा राजवाडाही बांधून घेतला. ती हुंकार भरत असे. एका रात्री मात्र कुशीवर वळता वळता ती म्हणाली, “यावेळचे सेल लय दिवस चालले रे बाबू.”