मृगाआधी शीवच्या घरात

मैत्रिणींनो, शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. टेकडीवर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथे चढून पाहा, म्हणजे खालची वस्ती किती सखल आहे ते कळेल. मोठा पाऊस आणि भरती एकदम आली, की पाण्याला वाटच उरत नाही. स्टेशनचे रूळ बुडतात, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा पाऊस तर कुणीच विसरलेले नाही.

म्हणून मृग लागायच्या आत एवढे कराच. फ्रीज आणि वॉशिंग मशीन उंच स्टँडवर चढवा, मिक्सर वरच्या फळीवर ठेवा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. रिकामे सिलिंडर पाण्यावर तरंगते, ते साखळीने भिंतीला बांधा. गॅसच्या नळीला पाच वर्षे झाली असतील तर ती बदला.

पाणी उंबऱ्याशी आले, की पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा. पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी चालतो का’ म्हणून भिजलेला फ्रीज लावू नका. बाहेरून सुकला तरी आत ओल राहते. आधी मेकॅनिकला दाखवा. चार दिवस फ्रीजवाचून भागते, पण जिवाशी खेळ नको!