मामा, सोर्स?

आमच्या घरात ‘सोर्स?’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरतात.

म्हणजे झालंय असं, की ‘आपली माणसं’ नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आजोळकडचे एकूण सदतीस मेंबर. त्यात पुण्याची मावशी आहे, न्यू जर्सीतला मावसभाऊ आहे आणि अर्थातच नाशिकचा मामा आहे. सकाळी सहाला गुलाबाचं फूल, साडेसहाला हळदीच्या दुधाचे सतरा फायदे आणि सातला देशाचं राजकारण. मी डोंबिवली स्टेशनला पोचेपर्यंत पहिली ठिणगी पडलेली असते. ऐरोलीला ऑफिसात कार्ड स्वाइप करेपर्यंत कुणीतरी ग्रुप सोडलेला असतो. पूर्वी लोक लग्नात रुसून पंगतीतून उठायचे, आता ‘लेफ्ट’ होतात. तेव्हा समजूत काढायला चार बायका जायच्या, आता ॲडमिन परत लिंक पाठवतो. बस्स, एवढाच काय तो फरक.

तुमच्याकडेही असा ग्रुप असणार. नसेल तर तुम्ही म्यूट केलाय, एवढाच अर्थ!

आमच्याकडचं सगळ्यात गाजलेलं भांडण नोव्हेंबर २०१६ मधलं. ८ तारखेला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि काही दिवसांतच मामाचा मेसेज आला. २००० च्या नव्या नोटेत म्हणे नॅनो चिप आहे. जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते. आता आमचा मामा म्हणजे चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. अंधारात नुसत्या स्पर्शाने फाटकी नोट ओळखणारा. त्याने हे पाठवावं?

न्यू जर्सीहून दोनच शब्दांत उत्तर आलं. ‘मामा, सोर्स?’

मामाने लगेच एका न्यूज चॅनलची क्लिप टाकली. त्यात ती नोट गोल गोल फिरत होती, वर उपग्रह होता आणि मधून लाल रेषा जात होती. घ्या सोर्स! मग मावसभावाने रिझर्व्ह बँकेची लिंक टाकली. मामा म्हणाला, ‘तिकडे बसून आम्हाला शिकवू नका.’ मावसभाऊ म्हणाला, ‘लॉजिकला पासपोर्ट लागत नाही.’ शेवटी मावशीने विषय बदलायला मोदकांचा फोटो टाकला. त्यावरही कुणी ‘वा’ म्हटलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

पुढे १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने २००० ची नोट चलनातून काढून घ्यायचं जाहीर केलं. ९८ टक्क्यांहून जास्त नोटा परतही आल्या. उरलेल्या कुठे आहेत, ते उपग्रहाला विचारायला हरकत नाही.

पण तेव्हा मी एक केलं. ग्रुपवर काही न लिहिता मामाला फोन लावला. म्हटलं, ‘मामा, तू इतकी वर्षं कॅशला होतास. तुला खरंच वाटतं का रे, नोटेत चिप बसेल?’ तो हसला. म्हणाला, ‘अगं, मला काय कळत नाही का? पण काही पाठवलं की तुम्ही पोरं निदान बोलता तरी. फुलं पाठवली तर कोण बघतं?’

यावर काय बोलणार? मला वाटायचं, समोरचा चुकीची माहिती देतोय, आपण बरोबर माहिती दिली की काम झालं. पण बॉस, मामा माहिती देतच नव्हता. तो दार वाजवत होता. आणि आम्ही आतून ओळखपत्र मागत होतो.

बरं, या सगळ्याचं खापर आपण मोबाइलवर फोडतो, तेही तितकंसं खरं नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवतोय? त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला. तेव्हा सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन सव्वा महिना झाला होता आणि मोबाइल तर फक्त बड्या लोकांकडे. तरीही सकाळी दिल्लीत सुरू झालेली बातमी दिवस मावळायच्या आत आमच्या गल्लीत पोचली होती, तीही शेजाऱ्यांच्या लँडलाइनवरून. मी पहिलीत होते. आजी मला घेऊन रांगेत उभी राहिली. चमचा सोंडेला लावला की दूध खरंच कमी व्हायचं. द्रवाच्या पृष्ठताणामुळे ते ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलंही. पण आजीने ते पेपरात वाचेपर्यंत अर्धा लिटर दूध संपलं होतं.

म्हणजे अफवेला इंटरनेट लागत नाही. पण तेव्हा अफवेवर विश्वास ठेवायला कष्ट पडायचे. दूध आणा, चपला घाला, दोन तास रांगेत उभे राहा. आता एका अंगठ्यात काम होतं आणि तो अंगठाही बऱ्याचदा दुसरं काहीतरी करत असताना सहज फिरतो.

इथपर्यंत सगळं विनोदी आहे. पण १ जुलै २०१८ नंतर मला या विषयावर नुसतं हसता येईनासं झालं.

त्या रविवारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारून टाकलं. त्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी असंच घडत होतं. मोटरसायकलवरून येऊन मुलाला उचलून नेणाऱ्यांची एक क्लिप त्या दिवसांत फार फिरली. ती मुळात कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेची फिल्म होती. तिच्यात शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवटच कापून टाकला होता.

मग दोन आठवड्यांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला.

शनिवार होता, पावसाने जरा उघडीप दिली होती. मुलांच्या घसरगुंडीपाशी कठड्यावर बसलेला एक माणूस, मळका शर्ट, शेजारी पिशवी. फोटो तिसऱ्या मजल्यावरून काढलेला. खाली लिहिलेलं : ‘हा दोन दिवस मुलांकडे बघत बसतोय. सगळ्या ग्रुप्सवर पाठवा.’ दहा मिनिटांत चाळीसेक मेसेज. पोलिसांना कळवा, वॉचमन काय झोपा काढतो का, आधी धरून ठेवा. आणि एकाने लिहिलं : ‘धुळ्यालाही असेच आले होते.’

हे वाचून माझे हातपाय गार पडले. ज्यांचा काही दोष नसताना जीव गेला, तेच आता टोळीचा पुरावा झाले होते!

मी काही सॉलिड डेअरिंगबाज वगैरे नाही. पण त्या माणसाला मी ओळखत होते. तो धारवाला होता. दर तीन-चार महिन्यांनी यायचा. त्याची धारेच्या चाकाची सायकल झाडाआड होती, म्हणून फोटोत आली नव्हती. मी लिहिलं, ‘हे धारवाले काका आहेत. मी खाली जातेय. कोण येतंय बरोबर?’ आणि लिफ्टची वाट न बघता निघाले.

खाली पाच-सहा जण जमलेच होते. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, दुसरा आधार कार्ड मागत होता. त्या बिचाऱ्याच्या पिशवीत काय, तर धारेला घेतलेल्या सुऱ्या! ती उघडायला तो तयार नव्हता आणि ती त्याने उघडू नये, असं मलाही वाटत होतं. मी ‘अहो, यांना मी ओळखते’ म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण. इतक्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू विळी घेऊन खाली आल्या. त्यांनी ग्रुप वाचलाच नव्हता. ‘अहो, होतात कुठे इतके दिवस? टोमॅटो कापत नाहीये हिने.’ त्यांनी गर्दीतून हात घालून विळी त्याच्या हातात दिली. तो मुकाट सायकलवर बसला, पायडल मारलं, चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. आधार कार्ड मागणारा दोन मिनिटं नुसता बघत उभा होता. मग म्हणाला, ‘कात्रीला किती घेता?’

मी त्या सायकलचा फोटो ग्रुपवर टाकला. पहिला फोटो टाकणाऱ्याने त्यावर अंगठा दिला. विषय संपला. पण मूळ फोटो तोवर शेजारच्या दोन कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर गेला होता. सेक्रेटरींना घेऊन मी तासभर फोन करत बसले, तेव्हा कुठे तो थांबला. निघताना धारवाले काका म्हणाले, ‘ताई, सकाळी पलीकडच्या गल्लीतपण असंच विचारत होते.’ त्या दिवाळीला ते आले नाहीत.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ असं लेबल लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येईल, असं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. फंडा साधा होता : अंगठ्याला थोडे कष्ट पडू द्या. उपयोगी आहेच. पण आमच्या सोसायटीचा तो फोटो पहिल्याच ग्रुपवर पुरेसा होता. त्याला पाचही लागले नसते.

ॲडमिन काय करतो, असंही लोक विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, की दुसऱ्या मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा ॲडमिनची वाट बघू नका.

मी आता मेसेजचे दोनच प्रकार करते. नोटेतल्या चिपसारखे, ज्यांच्यात कुणाचा चेहरा नसतो. त्यांच्यावर ग्रुपवर वाद घालत नाही. वाटलंच तर फोन करते आणि त्या निमित्ताने मामाच्या गुडघ्यांची चौकशीही होते. दुसरे म्हणजे ज्यांच्यात कुणाकडे तरी बोट दाखवलेलं असतं. एखादा माणूस, एखादी वस्ती, एखादी जमात. तिथे मात्र खासगीत समजावणं वगैरे नाही. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, नाव घेऊन लिहायचं. वाईटपणा आला तर येऊ दे. ‘सोर्स?’ एवढंच विचारूनही भागत नाही, कारण तोवर कुणीतरी चपला घातलेल्या असतात.

म्हणून त्यांच्या आधी आपण खाली पोचायचं. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने.