कांदा फेकणाऱ्यांबद्दल

रस्त्यावर कांदा किंवा टोमॅटो ओतणाऱ्या शेतकऱ्यांना माझा अनेक वर्षं विरोध होता. मागणी पटायची, पद्धत पटायची नाही. आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नसे. वाढून घेतलं ते संपवूनच उठायचं. त्या वळणात वाढलेल्या माणसाला चांदवडच्या चौफुलीजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, चाकांखाली चिरडलेला माल बघवत नाही. ‘फेकायचाच तर गोरगरिबांना वाटा, आश्रमशाळेला द्या,’ असं मी चारचौघांत बोललोय, लिहिलंही आहे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि ठिकठिकाणी दूध-भाजीपाला रस्त्यावर आला, तेव्हा तर फारच ठासून.

आज तसं म्हणणार नाही. हे मत एका दिवसात फिरलेलं नाही. लिलाव बघत, ट्रॉलीला टेकून लोकांचे हिशेब ऐकत ते हळूहळू फिरलं.

आधी कांद्याचाच स्वभाव समजून घ्यावा लागला. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो आणि चाळीत काही महिने तग धरतो. घट येते, सड निघते, पण भावाची वाट तरी बघता येते. लाल कांद्याचं तसं नाही. तो टिकत नाही. काढला की बाजारात न्यायचा. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी जाहीर केली ती नेमकी या लाल कांद्याच्या आवकेत. माल उपटून पडलेला आणि भाव कोसळलेला. ११ डिसेंबरला चांदवडला रास्ता रोको झाला, शरद पवार स्वतः त्यात उतरले. बंदी उठायला मे २०२४ उजाडला. तोवर लाल कांद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि ‘वाटा’ म्हणायला काय जातं? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. त्याने आणखी पदरमोड करून तोच कांदा कुणाच्या तरी दारात पोचवावा, असं मी सांगत होतो. ज्याचं सगळं गेलंय त्याच्याकडूनच दानाची अपेक्षा करायची, हे आता माझ्या तोंडून निघत नाही.

एकदा चांदवडलाच एका ट्रॉलीचा फाळका उघडताना जवळून पाहिलं. कांदा धडधडत डांबरावर आला, सुटी पत्ती वाऱ्यावर उडाली. घोषणा चालू होत्या. पण ज्यांचा माल होता ते नवरा-बायको ढिगाला वळसा घालून चालत होते. पाय लागू देत नव्हते. घरंगळत आलेले कांदे ती बाई वाकून पुन्हा ढिगात सारत होती. अन्नाची किंमत यांना कळत नाही, असं मी समजत होतो.

बातमीत ‘कांदा फेकला’ असं येतं. इंग्रजी पेपरात ‘डम्प’ असतं, म्हणजे कचऱ्याला लावतात तेच. आमच्याकडे कांद्याचं बी वाफ्यात पेरतात त्याला ‘उळं टाकणं’ म्हणतात. उळं टाकल्यापासून चार-पाच महिने लागण, निंदणी, काढणी, पात कापणं, निवड हे सगळं झालेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक काम बायांच्या हातचं. याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, लाखांच्या संख्येने बाया आल्या होत्या. शेतकरी बाईच्या कष्टाला मोल नाही, हे तेव्हा या गावात मोठ्याने बोललं गेलं. मी या तालुक्यात राहून त्या गोष्टीचा रस्त्यावरच्या कांद्याशी संबंध जोडला नव्हता. ट्रॉली रिकामी होते तेव्हा त्या बाईची न दिलेली मजुरी रस्त्यावर येते.

दुधाबद्दल मात्र माझं मन अजून वळलेलं नाही. टँकर अडवून दुसऱ्याचं दूध ओतणं आणि स्वतःच्या रानातला कांदा ओतणं या दोन गोष्टी मी एक मानत नाही. आपला माल ओतणाऱ्याने आपलंच नुकसान केलेलं असतं. दुसऱ्याचा ओतणाऱ्याला तो हक्क कुणी दिला? यावर आमच्या घरात अजून वाद होतात, आणि ते व्हावेत असंच मला वाटतं.

बातमी देणाऱ्या तरुण मित्रांकडे मात्र माझं एक मागणं आहे. ‘शेतकऱ्याने कांदा फेकला’ असं जरूर लिहा, पण त्याच ओळीत त्या दिवशीचा क्विंटलचा भाव लिहा आणि तो पिकवायला, चांदवडपर्यंत आणायला आलेला खर्च लिहा. शेतकऱ्याला विचारलं तर तो दोन्ही आकडे तोंडपाठ सांगेल.