बेलशेजारचं आडनाव

बर्लिनमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा आकडा आणि पिनकोड. बाकीचं काम बेलवर आणि टपालपेटीवर लिहिलेलं आडनाव करतं. ते नसेल तर पत्र आल्या पावली परत.

आणि इथे महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करायची, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो नसला तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापतात. नवख्याच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा पोटभाड्याच्या खोल्या येतात, आणि जाहिरातीत शेवटी एक ओळ असते : ‘आनमेल्डुंग होणार नाही’. म्हणजे राहा, भाडं द्या, पण कागदावर दिसू नका.

अशा दोन खोल्यांत मी पाच महिने काढले. रोज रात्री अर्ज. सोबत तीन पगारपत्रकं, पासपोर्टची प्रत आणि ‘शुफा’, म्हणजे तुमच्या उधारीची कुंडली. कालपरवा देशात आलेल्याच्या कुंडलीत ग्रहच नसतात. घर बघायला गेलं की जिन्यावर तीस-चाळीस जण, प्रत्येकाच्या हातात फाइल.

पुण्यात घर शोधताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न तोंडावर यायचा. त्याच्या पोटात कुठला प्रश्न आहे हे दोघांनाही माहीत असायचं. इथे कुणी विचारत नाही. ईमेलखाली ते लिहिलेलंच असतं. २०१७ मध्ये बायरिशर रुंडफुंक आणि ‘डेअर श्पीगेल’च्या पत्रकारांनी दहा शहरांत वेगवेगळ्या नावांनी हजारो अर्ज पाठवले, अरबी आणि तुर्की नावांना बोलावणी कमी आली. मला न आलेल्या उत्तरांमागे काय होतं, ते कधीच कळणार नाही. पुण्यात निदान भांडता यायचं.

शेवटी वेडिंग नावाच्या भागात चौथ्या मजल्यावर घर मिळालं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकं. कायद्याने त्याहून जास्त मागता येत नाही. स्वयंपाकघरात भिंतीतून निघालेले दोन पाइप. ओटा, शेगडी, सिंक आधीच्या भाडेकरूने काढून नेलेलं. छताला नुसत्या वायरी. तीन आठवडे जमिनीवर बसून इंडक्शनवर खिचडी केली.

टॅक्स नंबरच्याही आधी आलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र : महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. पाकिटावर माझं आडनाव होतं, एकही अक्षर न चुकता. पैसे त्याच संध्याकाळी भरले.