कुलूप फोडायचा पेपर

विद्यापीठानं पोरांना दुसऱ्याच्या संगणकात शिरायला शिकवावं आणि वर त्याचे मार्कही द्यावेत, हे मला मुळीच पटत नव्हतं. मनातच ठेवलं असंही नाही. लग्नकार्यात, एसटी स्टँडवर, बँकेतल्या जुन्या मंडळींत, जिथं विषय निघेल तिथं बोलून दाखवायची. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर झाली. स्ट्राँगरूमची एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, म्हणजे शेवटी शेवटी माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. अशा बाईला ‘सिस्टिम फोडण्याचा अभ्यासक्रम’ ऐकून काय वाटेल ते सांगायला नको. चोरी शिकवण्यापेक्षा पोलीस वाढवा, हे माझं ठरलेलं वाक्य.

भाची सांगलीला इंजिनिअरिंगला गेली आणि नेटवर्किंग-सिक्युरिटीचे विषय घेते म्हणाली, तेव्हा घरातून पहिला विरोध माझा. भावाचा प्रश्न साधा होता, प्लेसमेंट होईल का? माझा नैतिक होता, म्हणजे घरच्यांना जास्त ताप देणारा.

आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ज्यांच्यापुढं आधीचं मत ठणकावून मांडलं, त्यांतले बरेच जण हे वाचतील. म्हणून कसं बदललं तेही सांगते.

सुरुवात ऑगस्ट २०१८ पासून धरावी लागेल. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ तारीख, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले गेले. देशातल्या एटीएममधून अडीच कोटी गेले आणि त्यातले काही आमच्या शिराळ्याशेजारच्या कोल्हापुरातून. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट ह्या बँकांमधल्या निरोपव्यवस्थेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. आमच्या काउंटरवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. लोक विचारायचे, कुणाच्या खात्यातले गेले हो? खातेदारांच्या शिल्लकेला धक्काच नाही म्हटलं की चक्रावायचे.

मीही चक्रावले होते. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडं, सीबीएसकडं जाते. तिथं शिल्लक बघितली जाते आणि मग ‘द्या’ असा निरोप मागं येतो. चोरट्यांनी मध्येच स्वतःचा बनावट स्विच उभा केला होता. विचारणा सीबीएसपर्यंत पोचतच नव्हती, मधल्या मध्ये होकार जात होता. म्हणून खात्यात शिल्लक तशीच आणि नोटा मात्र गायब. कुलूप फुटलेलंच नव्हतं. पास करणाऱ्याची खुर्चीच कुणीतरी बळकावली होती.

पुढं एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डांवर पैसे काढण्याच्या साखळीतली ही माणसं. पोलिसांनी आपलं काम केलं. पण माझं ते ठरलेलं वाक्य तिथं अर्ध्यावरच थांबलं. पोलीस एटीएमसमोर उभ्या राहिलेल्या माणसापर्यंत पोचतील. स्विचच्या आत कोण बसलंय हे ओळखणारा माणूस बँकेतच लागतो, आणि चोर आत कसा शिरतो हे ठाऊक नसेल तर तो ओळखणार कसा?

हे तेव्हा इतकं स्पष्ट सुचलं नव्हतं, आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा फक्त खटकलं होतं.

हल्ल्याच्याच वर्षी, २०१८ मध्ये, १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट काढली. ३१ डिसेंबर २०१९ ला ती वाढवली आणि बँकांच्या चार पातळ्या केल्या. मग आमच्याकडंही पुण्याहून तपासणीला दोन पोरं आली. पाठीवर सॅक, कानात हेडफोन. त्यांच्या हातात आमच्याच बँकेनं सही-शिक्क्यानिशी दिलेलं पत्र होतं: कोणते आयपी पत्ते तपासायचे, कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत, ग्राहकांच्या माहितीला हात लावायचा नाही. थोडक्यात, आम्हाला फोडून दाखवा म्हणून आपणच लेखी दिलेलं. मला इतका राग आला की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. शिराळ्यात पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला कळेल.

त्यांच्या अहवालात एक ओळ होती: शाखेच्या नेटवर्क स्विचवर टेलनेट चालू आहे, ताबडतोब बंद करावं. शाखेत कुणाला त्याचा अर्थ लागला नाही, मलाही नाही. ओळीपुढं ‘पूर्तता केली’ असं लिहून फाइल पुढं गेली.

ती ओळ मला कळली ती निवृत्तीनंतर, भाची नागपंचमीला घरी आली तेव्हा. जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. एकाच लॅपटॉपात तिनं दोन खोटे संगणक उभे केले होते, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेले. “आत्या, तू ह्यातून त्यात टेलनेटनं लॉगिन कर. मी नुसती बघते.” मी नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला. पडद्यावर पासवर्डच्या जागी काहीच उमटलं नाही. मला बरं वाटलं, गुप्तता पाळतंय म्हणून.

मग तिनं वायरशार्क नावाच्या प्रोग्रॅममध्ये वायरीवरून गेलेलं सगळं संभाषण उघडून दाखवलं. माझ्या नावातलं प्रत्येक अक्षर दोनदा आलेलं. का, तर टेलनेटमध्ये आपण दाबलेलं अक्षर एकेक करून पलीकडं जातं आणि पलीकडचं यंत्र तेच परत पाठवतं, तेव्हा ते आपल्याला पडद्यावर दिसतं. पासवर्ड मात्र ते परत पाठवत नाही. त्यामुळं पासवर्ड एकदाच आलेला, एकही अक्षर दुहेरी नाही, सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात वाचायला सोपा. जे लपवलंय असं मी समजत होते, ते फक्त माझ्यापासून लपवलेलं होतं.

मग तिनं तेच लॉगिन एसएसएचनं करायला लावलं. ह्या वेळी वायरीवर नुसता कचरा, काही लागत नाही. हे एसएसएच आलं कुठून, तर फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातून. तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपून नेले, त्यावर टाटू युलोनेन नावाच्या तिथल्याच संशोधकानं १९९५ मध्ये हा उपाय लिहिला. चोरी विद्यापीठात आणि औषधही विद्यापीठात. भाचीला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिच्या जर्नलमधलं ते एक प्रॅक्टिकल, सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेलं. मी मात्र बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसले.

माझ्या जुन्या मताचा पाया असा होता की सुरक्षा म्हणजे गुप्तता, आणि कसं फोडतात हे जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं. भाचीनं सांगितलं की ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या माणसानं १८८३ मध्येच ह्याच्या उलट लिहून ठेवलंय: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. मी वाद घालणार होते. पण आमच्या तिजोरीची बनावट, स्ट्राँगरूमची जागा, उघडायची वेळ, सगळं अख्ख्या पेठेला माहीत होतं. आमची भिस्त दोन किल्ल्यांवर होती, अज्ञानावर नव्हती. नोकरीभर जे पाळलं, त्याच्या विरुद्ध मत घेऊन मी हिंडत होते.

हा वाद आपल्याकडंच आहे असंही नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठानं व्हायरस लिहायला शिकवणारा विषय जाहीर केला, तेव्हा अँटिव्हायरस कंपन्यांनीच ओरड केली. विद्यापीठ मागं हटलं नाही. बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेली बंद लॅब ठेवून विषय शिकवला.

शिराळ्याची म्हटलं की बाहेरची माणसं लगेच नागावर येतात, तर येऊ दे, परवानगीचा मुद्दा त्यातूनही कळतो. आमच्याकडच्या जिवंत नागाच्या पूजेवर उच्च न्यायालयानं २००२ मध्ये बंदी आणली. २०२५ च्या नागपंचमीला केंद्रानं २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, पण ती शिक्षणासाठी, पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला द्यावं म्हणून. हात तेच, नाग तोच. कागद असेल तर शिक्षण, नसेल तर गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातही तसंच, कलम ४३ खाली मालकाच्या परवानगीशिवाय शिरलं तर भरपाई द्यावी लागते. त्यात लबाडीचा हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुलना ह्याच्या पुढं ताणू नये. नागाला कुणी परवानगी विचारत नाही.

सगळंच मत बदललं असं समजू नका. ‘शनिवार-रविवारात हॅकर व्हा’ अशा जाहिराती बघून माझं अजून टाळकं फिरतं. तिथं हत्यार देतात, ते का चालतं हे सांगत नाहीत. विद्यापीठात ते सांगायला वेळ असतो: आधी नेटवर्कचे थर, पत्ते, पॅकेट, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग गणित, आणि त्यानंतर फोडाफोडी. पोरं ह्या आधीच्या भागाला कंटाळतात, केटी लागते ती त्यातच. मला तोच भाग भरवशाचा वाटतो. आणि एक तक्रार शिल्लक आहे. नीतीचा नि कायद्याचा विषय पोरं एकमेकांचं बघून जर्नलमध्ये उतरवतात, मास्तर न बघता सही करतात. लॅबचं दार उघडण्याआधी कलम ४३ आणि ६६ तोंडी विचारावं, येत नसेल त्याला बाहेर उभं करावं. भाचीला मी विचारलं. निम्मं आलं.

तिला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक खरी संस्था हवी होती. मी ओळखीच्या पतसंस्थांत शब्द टाकला. एका ठिकाणी ऐकूनच घेतलं नाही. ‘तुम्हीच म्हणत होता ना बाई’ असं तोंडावर सुनावलं. दुसरीकडं विचारलं, फुकट करणार ना? परवानगीचं पत्र मीच लिहून दिलं, साध्या मराठीत: कोणता संगणक, कोणत्या तारखा, काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही, काय सापडलं ते कुणाला सांगायचं. चेअरमनसाहेबांची सही अजून व्हायची आहे. सोमवारी परत जाणार आहे.